पावसाळ्यातलं सापाचं अंथरूण

जुलै महिना, मालवण, सकाळचे सात वाजलेत, आणि हा जो आवाज येतोय ना तो पागोळ्यांचा, गेले पाच दिवस असाच चालू आहे. भिंतीवरच्या मीटरवर हवेतली आर्द्रता बघा, 91 टक्के. आणि इथे पडवीलगतच्या खोलीत, काचेच्या टाकीत, आमची बॉल पायथन आहे, म्हणजे छोट्या जातीचा अजगर.

आधी एक गोष्ट क्लिअर करतो. धामण, नानेटी, आपल्याकडचा अजगर, यातलं काहीच घरात पाळता येत नाही, 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे आणि तो असायलाच हवा. ही आफ्रिकेतली जात, पण हिचीही सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते, ती केलेली आहे.

तर हिचं अंथरूण, म्हणजे टाकीच्या तळाशी पसरायचा थर. पहिल्या वर्षी मी व्हिडिओ बघून ॲस्पेन नावाच्या झाडाच्या लाकडाचा भुसा मागवला, पांढराशुभ्र, हलका, दिसायला भारी. आता ते व्हिडिओ करणारे राहतात कोरड्या हवेत, हीटर लावलेल्या घरात, ते म्हणतात पाणी फवारा, म्हणून मीही भर आषाढात फवारत बसलो. आठ दिवसांत पाण्याच्या वाटीखाली कापसासारखी बुरशी आणि कुबट वास. तिला हातावर घेऊन उलटं केलं तर पोटाचे तीन खवले कडेला तांबूस झालेले, जरा फुगलेले, बोट लावलं की अंग आक्रसून घ्यायची. खालच्या ओलीनं खवले कुजायला लागतात ते हेच. डॉक्टरांनी औषध दिलं आणि बरं होईपर्यंत नुसता टिश्यू पेपर अंथरायला सांगितलं, रोज बदलायचा. ते तीन खवले आजही आठवतात मला.

आणि उपाय आमच्या परसात पडलेला होता, नारळाची सोडणं, वरची तंतूंची सालं! पण तशीच उचलून टाकायची नाहीत हं. इकडे काथ्यासाठी सोडणं खाडीच्या पाण्यात कुजत घालतात, त्यात मीठ मुरतं, म्हणून ती नकोतच, कोरडी घ्यायची. बारीक तुकडे करायचे, लांब तंतू काढून टाकायचे कारण भक्ष्याबरोबर तोंडात जातात, मग उकळत्या पाण्यात घालून, गोड्या पाण्यात दोन-तीनदा धुऊन, वाळवायचं. बाजारचं कोकोपीट, म्हणजे सोडणांचाच भुगा, चालतं, फक्त खत मिसळलेलं नको. किनाऱ्यावरची रेती नको, सॉ मिलवरचा भुसा तर अजिबात नको, कुठलं लाकूड आहे कळत नाही आणि धूळ फुफ्फुसात जाते.

ओल किती ठेवायची? शेतकऱ्याला विचारा, तो म्हणेल वाफसा. हे बघा, मूठ वळली, बोटांतून थेंब नाही, आणि बोट लावलं की मोकळी झाली, बास. आफ्रिकेत ही उंदरांच्या बिळांत, वारुळांत राहते, तिथेही असाच दमटपणा, चिखल नसतो. टाकीत साठच्या आसपास आकडा हवा, कात टाकायच्या वेळी थोडा जास्त. बाहेर 91 असताना तो खाली आणायचा तर झाकण बंदच, पण त्याच्या जाळीवर काही ठेवायचं नाही, आणि थर्मोस्टॅटवर हीटर, हवा गरम झाली की आर्द्रतेचा आकडा आपोआप उतरतो. लाईट गेली की मात्र परत चढतो, आणि इकडे लाईट जातेच, तेव्हा वरचा थर हातानं उलटापालटा करतो, खालचं वर येऊन सुकतं.

विष्ठा आणि युरेटचे, म्हणजे घट्ट लघवीचे, ते खडूसारखे पांढरे गोळे दिसले की लगेच उचलायचे, आजूबाजूच्या मूठभर तुकड्यांसकट. पूर्ण अंथरूण पावसात मी तीन आठवड्यांनी बदलतो, एरवी महिन्याने, आणि टाकी एकास दहा ब्लीचच्या पाण्याने धुऊन, वास जाईपर्यंत सुकवून मगच भरतो.

काल रात्री हिने कात टाकली. ही बघा, तोंडापासून शेपटीपर्यंत एकसंध, डोळ्यांवरच्या दोन्ही पारदर्शक खवल्यांच्या चकत्यांसकट.