लहान मुलांचा हार्ट सर्जन कसा घडतो?

नमस्कार मंडळी. जन्माला येणाऱ्या दर हजार बाळांपैकी साधारण ८ ते १० बाळांच्या हृदयात जन्मतःच काही ना काही दोष असतो. सगळ्यांनाच ऑपरेशन लागतं असं नाही, काही छिद्रं आपोआप बुजतात. पण काहींना ते पहिल्या एक-दोन आठवड्यांतच लागतं. तेव्हा हृदय असतं बाळाच्या मुठीएवढं. ते उघडून दुरुस्त करणारा माणूस कसा तयार होतो, ते आज बघू.

आधी कामाचा एक नमुना घेऊ, म्हणजे पुढचं नीट कळेल.

(स्क्रीनवर: हृदयाची आकृती)

काही बाळांमध्ये हृदयातून निघणाऱ्या दोन मुख्य वाहिन्यांची अदलाबदल झालेली असते. महाधमनी डाव्या कप्प्यातून निघायला हवी, ती निघते उजव्यातून. फुप्फुसाकडे जाणारी धमनी निघते डाव्यातून. म्हणजे शुद्ध रक्त फुप्फुसाकडेच फेऱ्या मारतं आणि अशुद्ध रक्त अंगभर फिरतं. बाळ निळं पडतं. दोन्ही रक्तं थोडी तरी मिसळावीत म्हणून औषधानं किंवा फुग्याच्या नळीनं वाट मोकळी ठेवतात, पण ती तात्पुरती सोय. खरा उपाय म्हणजे दोन्ही वाहिन्या कापून आपापल्या जागी बसवणं. ब्राझीलमध्ये अदीब जातेने यांनी १९७५ मध्ये ते यशस्वीपणे करून दाखवलं.

खरी मेख आहे कोरोनरी धमन्यांमध्ये. हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या या धमन्या महाधमनीच्या बुडातून निघतात, आणि नवजात बाळात त्यांची जाडी असते १ ते २ मिलिमीटर. वाहिन्यांची जागा बदलली की यांनाही हलवावं लागतं. मग प्रत्येक धमनीच्या मुळाभोवतीचा भिंतीचा छोटा गोल तुकडा कापून घ्यायचा (सर्जन त्याला बटणच म्हणतात) आणि नव्या महाधमनीच्या भिंतीत शिवायचा. धागा केसाहून बारीक, डोळ्यांवर भिंगाचा चष्मा. धमनी जराशी पिळली किंवा ताणली गेली, तर स्नायूला रक्तच पोहोचत नाही. हे सगळं हृदय थांबवलेलं असताना, घड्याळाकडे लक्ष ठेवून करायचं. तीन किलोच्या बाळाच्या अंगात रक्त असतं जेमतेम पाव लिटर, त्यामुळे हार्ट-लंग मशीनच्या (हृदय थांबलेलं असताना हृदय आणि फुप्फुसाचं काम करणारं यंत्र) नळ्या भरायला सहसा रक्तपेढीतलं रक्तच वापरावं लागतं. शेवटी क्लॅम्प (रक्त अडवून धरणारा चिमटा) काढला की सगळ्यांचे डोळे हृदयाच्या रंगावर. एखादा भाग काळपट राहिला, तर शिवण उसवून पुन्हा बसवायची.

आज चांगल्या केंद्रांत हे ऑपरेशन झालेल्या शंभरातली ९५ हून जास्त बाळं वाचतात. मला हा आकडा अद्भुत वाटतो.

आता शिक्षण. वैद्यकीय पदवी, मग जनरल सर्जरी, मग हृदय आणि छातीची सर्जरी, आणि त्यानंतर लहान मुलांच्या हृदयाचं वेगळं प्रशिक्षण. काही देशांत मधले टप्पे जोडलेले असतात, पण स्वतःच्या जबाबदारीवर अवघड केस हातात येईपर्यंत बहुतेकांची पस्तिशी उलटलेली असते. तोवर छाती उघडणं, बंद करणं, नळ्या घालणं, साधं छिद्र बुजवणं, असं पायरी पायरीनं. रात्री आयसीयूत बाळाची लघवी किती झाली, रक्तदाब का घसरला, हे बघणंही शिक्षणच आहे, आणि माझ्या मते सगळ्यात मोठं. ऑपरेशन सुरेख झालं, तरी पुढचे ४८ तास बाळ हातचं जाऊ शकतं.

आणि हे काम एकट्याचं कधीच नव्हतं. १९४४ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये निळ्या पडलेल्या बाळावरचं एक वेगळं, प्रसिद्ध ऑपरेशन झालं, फुप्फुसाकडे जास्त रक्त पोहोचावं म्हणून. कल्पना बालहृदयतज्ज्ञ हेलन टॉसिग यांची, हात सर्जन आल्फ्रेड ब्लेलॉक यांचे. आणि ब्लेलॉक यांच्या मागे स्टुलावर उभं राहून एकेक टाका सांगत होते त्यांचे प्रयोगशाळेतले सहाय्यक व्हिव्हियन थॉमस. प्राण्यांवर हे तंत्र बसवलं थॉमस यांनीच. ते डॉक्टर नव्हते, कृष्णवर्णीय होते, आणि पुढच्या वर्षी छापून आलेल्या शोधनिबंधावर त्यांचं नाव नव्हतं. हॉपकिन्सनं त्यांना मानद डॉक्टरेट दिली ती १९७६ मध्ये. हा अन्याय होता, आणि या क्षेत्राचा इतिहास सांगताना तो वगळून चालणार नाही.

आता मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट. या पेशात प्रत्येकाच्या हातून काही मुलं जातात. त्यानंतर सर्जन काय करतो, यावर त्याची कारकीर्द ठरते.

लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट हॉस्पिटलमधले मार्क डी लेव्हाल हे नावाजलेले सर्जन. सुरुवातीला सांगितलं तेच, अदलाबदल झालेल्या वाहिन्या जागी बसवण्याचं ऑपरेशन ते करत. सुरुवातीला निकाल उत्तम होते, मग एका टप्प्यावर मृत्यू वाढले. त्यांनी आपली १०४ ऑपरेशनं आकडेशास्त्रानं तपासली. हा निव्वळ योगायोग नाही, असं दिसल्यावर ते चांगले निकाल असलेल्या सहकाऱ्याकडे जाऊन पुन्हा शिकले, आणि १९९४ मध्ये हे सगळं छापून टाकलं. नाव झालेल्या माणसानं पुन्हा विद्यार्थी व्हायचं, तेही चारचौघांत. त्याच देशात, त्याच काळात ब्रिस्टल शहरातल्या हॉस्पिटलमध्ये हृदयाच्या ऑपरेशननंतर बाळांचे मृत्यू जास्त होत होते. तिथल्या एका भूलतज्ज्ञानं ते वारंवार सांगितलं, पण त्याचं ऐकलं गेलं नाही. २००१ च्या चौकशी अहवालात म्हटलंय की १९९१ ते १९९५ दरम्यान तिथे अपेक्षेपेक्षा ३० ते ३५ बाळं जास्त दगावली.

हे वाचल्यावर हाताच्या कौशल्याबद्दलचं माझं कौतुक कमी झालं नाही, पण एकट्या कौशल्यावरचा विश्वास उडाला.

कामाचं स्वरूपही बदलतंय. वाचलेली मुलं मोठी झालीत. बऱ्याच देशांत जन्मजात हृदयदोष असलेले प्रौढ आता मुलांपेक्षा संख्येनं जास्त आहेत. कुणाची झडप बदलायची असते, कुणाची वाढत्या अंगाला अपुरी पडलेली कृत्रिम नळी. पहिल्या ऑपरेशनच्या व्रणामुळे हृदय छातीच्या हाडाला चिकटलेलं असतं, त्यामुळे हाड कापतानाच मोठा रक्तस्राव होऊ शकतो. म्हणजे लहान मुलांचा सर्जन म्हणून शिकलेल्याला चाळिशीतले रुग्णही बघावे लागतात.

तुमच्यापैकी कुणी या वाटेनं जाणार असेल, तर शिकायची जागा निवडताना तिथे वर्षाला किती ऑपरेशनं होतात हे विचाराच. पण त्याआधी तिथल्या ज्युनिअरला गाठून एवढं विचारा: मूल दगावलं की तुमच्याकडे सगळ्यांसमोर चर्चा होते का, आणि तिथे तुम्हाला, नर्सला, भूलतज्ज्ञाला तोंड उघडता येतं का?