डफ तापतोय तोवर

(दृश्य: जळत्या कागदावर धरलेला डफ. फक्त हात दिसतात.)

हा डफ अजून वाजायला तयार नाहीये. रात्री पाऊस झाला, सातपूरच्या कामगार वस्तीतल्या या पत्र्याच्या शेडमध्ये सगळीकडं ओल, कातडं सैल पडलंय, थाप मारली की नुसतं भद्द वाजतं. मग जुने पेपर पेटवायचे, मागच्या मोर्चाची उरलेली पत्रकं पण चालतात, आणि त्याच्यावर डफ गोल गोल फिरवत राहायचा, फार खाली नेला तर कातडं करपतं म्हणून सारखी नजर ठेवायची. मधेच बोटानं टिचकी. नाही, अजून नाही. परत आच. फायबरचे डफ मिळतात हल्ली, त्यांना तापवायची भानगड नाही, पण काका म्हणतात, त्याला गळा नसतो. नाशिक म्हटलं की लोकांना ढोल आठवतो, आम्हाला हा डफ शूट करायचा होता.

तर हा तापतोय तोवर, गाण्यांतनं शिकवणाऱ्या एका शाळेची गोष्ट.

जोतिबा फुल्यांचा सत्यशोधक समाज १८७३ चा. पुढं त्यातनं जलसे निघाले, म्हणजे गाण्या-सोंगातनं लोकांना शहाणं करायचे खेळ. सांगाडा तमाशाचाच, गण, बतावणी, वग, पण आतला माल बदलला. गणपतीच्या जागी गण म्हणजे लोक आले, सोंगाड्या सावकाराची आणि भटजीची फिरकी घ्यायला लागला, आणि हसता हसता बाया-माणसं कर्जाच्या कागदावर अंगठा का उठवायचा नाही ते शिकून गेली. याला आम्ही शाळाच म्हणतो. पट नाही, फी नाही.

(दृश्य: पंचवटी, काळाराम मंदिराचा दरवाजा, सकाळची गर्दी.)

या दारापुढं २ मार्च १९३० ला सत्याग्रह सुरू झाला. बाबासाहेबांचं नेतृत्व, इथली सगळी बांधणी दादासाहेब गायकवाडांची. काही वर्षं चालला, दार उघडलं नाही. पण त्याच दिवसांत भीमराव कर्डकांचा जलसा गावोगाव फिरत होता, आणि सत्याग्रह कशासाठी चाललाय हे ज्याला पेपर वाचता येत नव्हता त्याला तिथं कळत होतं.

(दृश्य: सिन्नर तालुका, देशवंडीचा रस्ता.)

वामनदादा कर्डक या गावचे, जन्म १९२२. मुंबईत होते तेव्हा कुणीतरी पत्र वाचून दाखव म्हणून हातात दिलं आणि यांना अक्षर येत नव्हतं. ती लाज त्यांना एवढी लागली की मोठेपणी बाराखडी शिकले, दुकानांच्या पाट्या वाचत वाचत. पुढं हजारोंनी गाणी लिहिली. रस्त्यावरची पाटी हेच पाठ्यपुस्तक, आणि आपण म्हणतो पोरांना शिकवायला स्मार्ट बोर्ड पाहिजे!

(दृश्य: मोबाईलवरची हलती क्लिप, रात्र, लाल टोप्या.)

ही क्लिप आमची नाही, चालणाऱ्यातल्याच एकानं काढलेली. मार्च २०१८. सहा तारखेला नाशिकच्या सीबीएस चौकातनं निघाले, सुरगाणा, पेठ, दिंडोरीकडचे आदिवासी शेतकरी, वनहक्काच्या जमिनीसाठी, जवळपास १८० किलोमीटर. बारा तारखेला मुंबईत दहावीचा पेपर होता. पोरांना ट्रॅफिकचा त्रास नको म्हणून दिवसभर चालून आलेली माणसं सायनहून रात्रीच उठून आझाद मैदानात गेली. ज्यांच्या पाड्यावर शाळेला धड मास्तर मिळत नाही, त्यांनी शहरातल्या पोरांची परीक्षा सांभाळली. मागण्या लेखी मान्य झाल्या, २०१९ ला आणि २०२३ ला परत चालावं लागलं.

(दृश्य: परत शेड. वही, पेन, टोपणाला दातांच्या खुणा.)

नवीन गाणं बसतंय. २०२३ मध्येच कमी पटाच्या झेडपी शाळा एकत्र करून समूह शाळा काढायचं सरकारकडनं पुढं आलं, त्याच्यावरचं. लिहून घेतेय ती अकरावीतली. सांगतायत ते काका कंपनीतनं रिटायर झालेले, शाळेत कधी गेले नाहीत, साठ-सत्तर गाणी तोंडपाठ. ती वाचून दाखवते, 'शाळा आमची मागतो आम्ही'. काका हात वर करतात.

"मागतो नको. मागितल्यावर भीक मिळती. 'राखतो' लिही."

ती खोडते. 'राखतो' मात्रेत बसतंय का बघायला बोटांवर मोजते, ओठ हलतात, आवाज नाही. पलीकडं डफावर टिचकी पडते.

आता वाजला.