थांबलेल्या चित्राचा हिशेब

नमस्कार श्रोतेहो. ॲनिमे, म्हणजे जपानी ॲनिमेशन, पाहणारे बहुतेक जण चित्रांचं कौतुक करतात. पण ज्या कागदावर अख्खा भाग आधीच ठरलेला असतो, त्याच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही.

जपानीत त्याला म्हणतात 'एकोन्ते'. उभ्या पानावर एकाखाली एक, बहुधा पाच चौकटी. कडेला कटचा, म्हणजे एका सलग दृश्यतुकड्याचा, क्रमांक, चौकटीत कच्चं रेखाटन, शेजारी हालचालीची सूचना, मग संवाद आणि आवाज, आणि शेवटच्या रकान्यात वेळ. तीही सेकंद अधिक फ्रेम अशी, 24 फ्रेमचा एक सेकंद धरून. अर्ध्या तासाच्या भागात जाहिराती आणि गाणी वगळली की 20-22 मिनिटांची गोष्ट उरते आणि तिचे साधारण 300 कट होतात. सिनेमात जास्तीचं चित्रीकरण करून नंतर कात्री लावता येते. इथे कापलेला प्रत्येक सेकंद कुणीतरी हाताने काढलेला असतो. म्हणून एकोन्ते काढणारा स्टॉपवॉच हातात धरून संवाद स्वतः पुटपुटत बसतो. इथलं बरंचसं संकलन चित्रांच्या आधीच होतं.

आता हिशेब बघा. टीव्हीवर पात्रं बहुतेकदा तीन फ्रेमला एका चित्राने हलतात, म्हणजे सेकंदाला 8 चित्रं. धावपळीच्या एका प्रसंगात पुष्कळ चित्रं खर्ची पडतात, ती दुसरीकडे वाचवावी लागतात. कुठे वाचवायची, इथेच दिग्दर्शकाचा कस लागतो.

हिदेआकी आन्नो यांच्या 'इव्हँजेलियन' मालिकेचा 22वा भाग आठवा. लिफ्टमध्ये दोन मुली, रेई आणि आसुका. कॅमेरा हलत नाही, त्या हलत नाहीत. ऐकू येतो तो फक्त लिफ्टचा लयबद्ध आवाज. जवळजवळ मिनिटभर! पैसे वाचले, हे खरंच. पण नकोशा माणसासोबत लिफ्टमध्ये अडकलेला वेळ असाच लांबत जातो. 24व्या भागात तर रोबोच्या मुठीत माणूस आहे, चित्र गोठलेलं आहे आणि मागे बेथोवनची नववी सिंफनी वाजत राहते.

म्हणून काही प्रत्येक थांबलेलं चित्र थोर ठरत नाही. वेळापत्रक कोलमडलं की नुसते ओठ हलवणारे चेहरे एकामागून एक येतात. फरक ओळखायचा तर आधीचा कट आणि आवाज तपासा. ठरवून थांबवलेल्या चित्राची पायाभरणी तिथे झालेली असते.

चुका आणखी कुठे होतात? नजरेच्या दिशेत. समोरासमोर बोलणारे दोघे पुढच्या कटमध्ये एकाच बाजूला पाहू लागले, तर कॅमेरा दोघांमधल्या काल्पनिक रेषेपलीकडे गेला असं समजा. दुसरी चूक क्षितिजरेषेची. पात्राची आणि पार्श्वभूमीची रेषा जुळली नाही की माणूस जमिनीवर उभा न वाटता तरंगतो. 1974च्या 'हायडी' या मालिकेत इसाओ ताकाहाता दिग्दर्शक होते आणि 52 भागांच्या चौकटींची मांडणी हायाओ मियाझाकींनी सांभाळली. आजोबांच्या झोपडीत चूल कुठे आणि शिडी कुठे, हे पाहणाऱ्याला पाठ होऊन जातं ते त्यामुळे.

पुढचा भाग बघताना दोन मिनिटं आवाज बंद करा आणि कट मोजा. मग श्रेयनामावलीत दोन नावं शोधा: 'एकोन्ते' आणि 'एन्शुत्सु'. एन्शुत्सु म्हणजे त्या एका भागाचा दिग्दर्शक, तर मालिकेचा मुख्य दिग्दर्शक 'कान्तोकु'. पहिल्या दोन जागी एकच नाव दिसलं, तर कागदावर आखणारा आणि पडद्यापर्यंत नेणारा माणूस एकच. अशी नावं वहीत टिपून ठेवा. दहा-बारा भागांत एखादा हात तुम्हाला नाव वाचण्याआधीच ओळखू येईल.