दोन शिपाई आणि चिंचेचं पाणी

नमस्कार मंडळी. रोमन नाणी म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर सोनं येतं, म्युझियमचं काचेचं कपाट येतं, आणि मग मी डबी उघडून कोटाच्या बटणाएवढी काळपट हिरवी चकती दाखवली की विचारतात, एवढंच? हो, एवढंच. इकडे इंग्लंडात राहायला आल्यावर नाण्यांच्या एका जत्रेत मातीसकट पाच-सहा नाणी घेतली होती, एकेक चहा-सँडविचच्या भावात.

आता मातीसकट म्हटल्यावर आपला हात कुठे जाणार? चिंचेकडे. तांब्या-पितळेची भांडी चिंचेनेच घासलेली बघत मोठे झालो ना आपण. मी पहिलं नाणं चिंचेच्या पाण्यात टाकून झोपलो, सकाळी बघतो तर लख्ख गुलाबी, पण बादशहाचं नाक गायब, अक्षरं गायब. तो हिरवा थर म्हणजे मळ नसतो हो, जमिनीत पडून पडून तांब्याचाच तयार झालेला पापुद्रा असतो तो आणि बारीक नक्षी बऱ्याचदा त्यातच उरलेली असते. तेव्हापासून डिस्टिल्ड वॉटर, दर काही दिवसांनी पाणी बदलायचं, भिंगाखाली टूथपिकने हळूच टोकरायचं. बायको विचारते, लोणचं मुरायला ठेवलंयस का?

दुसरं नाणं दीड महिना मुरलं. आधी दोन शिपाई दिसायला लागले, समोरासमोर उभे, हातात भाले, मध्ये सैन्याची दोन निशाणं. कडेने लिहिलेलं ग्लोरिया एक्सर्किटुस, म्हणजे सैन्याचा गौरव. हा छाप साधारण इसवी सन 330 ते 335 मधला, रोमन बादशहा कॉन्स्टंटाइनच्या काळातला. पण 335 च्या सुमारास गंमत होते, तेच शिपाई, तीच अक्षरं, फक्त मधलं निशाण एकच राहतं. का? तर नाणंच लहान केलं! अडीच ग्रॅमच्या आसपासचं दीड ग्रॅमवर आलं. बिस्किटाचा पुडा तोच ठेवून आतली बिस्किटं कमी करतात ना, तसलाच प्रकार. त्याआधीच्या देनारियस या चांदीच्या रोमन नाण्याचंही तेच, इसवी सन 64 साली नीरो बादशहाने वजन आणि चांदी दोन्ही कमी केलं आणि पुढच्या दोनशे वर्षांत रोमची चांदीची म्हणवणारी नाणी वरून मुलामा आतून तांबं अशी झाली. आपल्याकडे जुन्या लेखांत दीनार शब्द येतो तो या देनारियसवरूनच बरं का, आणि कोइम्बतूरच्या बाजूला ऑगस्टस-टायबेरियस या बादशहांची देनारियस सापडलीत ती मात्र नीरोच्या आधीची, चांगल्या चांदीची.

असो. मग चेहऱ्याची बाजू. इथे खरी डोकेदुखी, कारण बापाचं नाव कॉन्स्टंटाइन आणि पोरांची कॉन्स्टंटाइन, कॉन्स्टंटियस, कॉन्स्टन्स! शाळेत हजेरी घेताना मास्तर वेडा झाला असता. नावापुढे एम ए एक्स, ए व्ही जी असेल तर बाप, थोरला ऑगस्टस (इथे ही मुख्य बादशहाची पदवी), आणि एन ओ बी सी असेल तर सीझर (ही त्याच्या हाताखालच्या धाकट्याची पदवी), म्हणजे पोरांपैकी कोणीतरी. माझ्या नाण्यावर आय यू एनच्या जागी आय व्ही एन वाचलं (लॅटिनमधे यूच्या जागी व्हीच कोरायचे), म्हणजे ज्युनियर, धाकटा कॉन्स्टंटाइन. एवढं वाचायला मला तीन रविवार लागले आणि खरं सांगतो, सोन्याचं नाणं आयतं हातात दिलं असतं तर एवढी मजा आली नसती.

शिपायांच्या पायाखाली टाकसाळीची खूण असते. टी आर म्हणजे ट्रिअर, आजच्या जर्मनीतलं. त्यापुढे पी असेल तर पहिला कारखाना, एस असेल तर दुसरा. लंडनची टाकसाळ 325 च्या सुमारास बंद पडल्यावर ट्रिअरचा भरपूर पैसा इकडे येत होता, त्यामुळे इथल्या शेतांत ही नाणी पुष्कळ निघतात.

वाटीत अजून एक पडलंय. निशाण एकच आहे, टी आर दिसतंय, पुढचं अक्षर मातीखाली. उद्या पाणी बदलायचंय.