नाव सुटलेली बाटली

(दृश्य : फ्रीजचं उघडं दार. अंड्यांच्या कप्प्याशेजारी औषधाच्या तीन छोट्या बाटल्या. दोन कोऱ्या, त्यांची लेबलं खाली ओल्या तळाला चिकटलेली.)

निवेदन :

घरात इन्सुलिन घेणारी माणसं दोन आणि फ्रीजमध्ये बाटल्या तीन. प्रत्येक बाटली १० मिलिलिटरची, वर रबराचं बूच. दार दिवसातून पन्नासदा उघडतं, काचेवर पाणी सुटतं आणि कागदी लेबल ढिलं होतं. कधी बूच पुसताना स्पिरिटचा ओघळ खाली येऊन छापील अक्षरं नेतो. खोकी तर पहिल्याच दिवशी जागा खातात म्हणून फेकलेली असतात.

आता कोणती बाटली कोणाची?

उत्तर आधी सांगून टाकू. जिचं नाव खात्रीनं सांगता येत नाही ती बाटली वापरायची नाही, मग ती भरलेली असो किंवा आजच आणलेली असो. घरात कोणी ‘बहुधा हीच’ म्हणालं, तर त्या ‘बहुधा’वर सुई टोचायची नाही.

(दृश्य : दोन बाटल्या उजेडासमोर. दोन्हींतलं औषध पाण्यासारखं.)

इन्सुलिन हे ५१ अमिनो आम्लांचं पेप्टाइड, म्हणजे त्यांची साखळी. त्यात अगदी थोडा फेरफार केला की औषधाचा स्वभाव पालटतो. लिस्प्रो या जलद इन्सुलिनमध्ये शेजारशेजारच्या फक्त दोन अमिनो आम्लांच्या जागा बदललेल्या असतात. तेवढ्यानं ते दहा-पंधरा मिनिटांत कामाला लागतं, तासा-दोन तासांत जोरावर येतं आणि चार-पाच तासांत ओसरतं. ग्लार्जिनमध्ये वेगळा बदल आहे. ते जवळजवळ २४ तास संथपणे चालतं. बाटलीत मात्र दोन्ही पाण्यासारखीच दिसतात.

‘स्वच्छ ते जेवणाआधीचं, दुधाळ ते लांब पल्ल्याचं’ ही खूण अजून पुष्कळ घरांत सांगतात. जेवणाआधीचं स्वच्छ रेग्युलर आणि लांब पल्ल्याचं दुधाळ एनपीएच हीच इन्सुलिनं मुख्यतः प्रचारात होती तेव्हा ती खूण चालून जायची. आता ती धोक्याची आहे. ग्लार्जिन, डेटेमिर, डेग्लुडेक ही लांब पल्ल्याची इन्सुलिनं स्वच्छ असतात, आणि जेवणाआधीची लिस्प्रो, अॅस्पार्टही स्वच्छच. रात्री झोपताना ग्लार्जिन समजून २० युनिट अॅस्पार्ट गेलं, तर साखर सर्वांत वेगानं उतरते ती माणूस गाढ झोपेत असताना. घाम फुटलेला, हात थरथरत असलेले, आणि उठवायला शेजारी कोणी जागं नाही.

दुधाळ बाटल्यांचीही तीच गत. एनपीएच आणि ३०/७० मिश्रण (३० टक्के रेग्युलर, ७० टक्के एनपीएच), दोन्ही ठेवून दिल्या की खाली पांढरा साका बसतो आणि वर निवळी येते. हलवल्यावर दोन्ही सारख्याच. मिश्रणातला ३० टक्के जलद भाग डोळ्यांना दिसत नाही. त्यातून, दुधाळपणा म्हणजे औषध चांगलं असाही अर्थ नाही. स्वच्छ असायला हवं ते इन्सुलिन बिघडल्यावरही गढूळ होतं. ग्लार्जिन आम्लधर्मी असतं. त्यात दुसऱ्या इन्सुलिनचे थेंब गेले तरी ते गढूळतं.

टोपणाच्या रंगावर तरी विसंबावं का? मानवी इन्सुलिनसाठी, म्हणजे शरीरातल्यासारख्याच, फेरफार न केलेल्या इन्सुलिनसाठी, एक आंतरराष्ट्रीय रंगपद्धत आहे : रेग्युलरला पिवळा, एनपीएचला हिरवा, ३०/७० ला तपकिरी. नव्या इन्सुलिनांना ती लागू नाही, तिथे प्रत्येक कंपनीचा रंग वेगळा. शिवाय वरची प्लॅस्टिकची टोपी पहिल्या दिवशीच उडते.

(दृश्य : दोन सिरिंजा. एकीचं टोपण लाल, दुसरीचं नारिंगी.)

लेबलाबरोबर आणखी एक गोष्ट जाते, ती म्हणजे तीव्रता. आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन बहुतेक वेळा मिलिलिटरला ४० युनिटचं असतं. त्याची सिरिंज लाल टोपणाची. पण १०० युनिटच्या बाटल्याही मिळतात. त्यांची सिरिंज नारिंगी टोपणाची. लाल सिरिंजमध्ये २० च्या रेघेपर्यंत भरलं की अर्धा मिलिलिटर होतो. बाटली ४० ची असेल तर ते २० युनिट. बाटली १०० ची निघाली तर ५०. उलट, ४० च्या बाटलीतून नारिंगी सिरिंजनं २० रेघा ओढल्या तर अंगात जातात जेमतेम ८ युनिट आणि साखर चढत राहते. मेडिकलच्या दुकानात ‘इन्सुलिनची सिरिंज द्या’ एवढं म्हणून भागत नाही. ४० ची की १०० ची, हे सांगावंच लागतं.

‘दोन युनिट टोचून साखर किती उतरते ते बघू’ असा प्रयोग करू नका. ग्लुकोमीटर रक्तातली साखर मोजतो, बाटलीतलं औषध नाही. साखर जेवणानं, चालण्यानं, आधीच्या डोसानंही हलते. उरलेल्या दोन अर्ध्या बाटल्या एकत्र करणं तर त्याहून वाईट. एनपीएचमध्ये इन्सुलिनला संथ करणारं प्रोटामिन नावाचं प्रथिन असतं. ते नेमक्या प्रमाणाबाहेर रेग्युलरमध्ये मिसळलं तर जलद इन्सुलिनला धरून ठेवतं आणि त्याचा वेग मोडतो.

(दृश्य : पांढऱ्या भुकटीच्या लहान बाटल्या.)

वजन आणि मधुमेहासाठीची आठवड्यातून एकदा घ्यायची इंजेक्शनं आता याच फ्रीजमध्ये आली आहेत. टिर्झेपटाइड भारतात मार्च २०२५ मध्ये आलं ते एका डोसाच्या बाटलीत, अडीच आणि ५ मिलिग्रॅमच्या. औषधाचं प्रमाण दुप्पट, पण द्रव दोन्हींत अर्धाच मिलिलिटर. याखेरीज ऑनलाइन, ‘संशोधनासाठी’ असं लिहून विकल्या जाणाऱ्या भुकटीच्या बाटल्या फिरतात. अनेकदा त्यांच्यावर लेबलच नसतं, आणि असलं तरी आत काय आणि किती याची हमी कोणी देत नाही. पांढरी भुकटी म्हणून सगळ्या सारख्याच. सेमाग्लुटाइड या अशाच आठवड्याच्या औषधाची सुरुवात पाव मिलिग्रॅमनं होते, टिर्झेपटाइडची अडीच मिलिग्रॅमनं. एक समजून दुसरं भरलं तर दहापट. सेमाग्लुटाइड निम्मं व्हायलाच सुमारे आठवडा लागतो, म्हणजे उलट्या सुरू झाल्या की त्या दिवसेंदिवस चालू शकतात, आणि गेलेलं औषध परत काढता येत नाही. अशी भुकटी पाण्यात कालवूच नका.

अनोळखी बाटलीतलं इन्सुलिन आधीच टोचलं गेलं असेल तर लगेच साखर तपासा आणि डॉक्टरांना फोन करा. बाटली जपून ठेवा, दाखवायला लागेल. पुढचे काही तास दर अर्ध्या तासानं साखर बघा. जलद इन्सुलिनचा धोका पाच-सहा तासांचा, रेग्युलरचा आठेक तासांचा, आणि बाटली कोणती हे कळतच नसेल तर निदान २४ तास लक्ष ठेवा. त्या रात्री एकट्यानं झोपू नये. साखर ७० च्या खाली गेली तर तीन चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून प्या, १५ मिनिटांनी पुन्हा तपासा आणि कमीच असेल तर पुन्हा घ्या. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका. माणसाला कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन लावा.

(दृश्य : पांढरी चिकटपट्टी, न पुसणारा मार्कर, झाकणाचे दोन डबे.)

हे टाळायला बाटली घरात येते तेव्हाची पाच मिनिटं पुरतात. खोकं फेकू नका, बाटली त्यातच ठेवा. बाटलीच्या अंगावर, कधीही टोपणावर नाही, पांढरी चिकटपट्टी लावा, बॅच आणि मुदत झाकली जाणार नाही अशी. तिच्यावर इन्सुलिनचं पूर्ण नाव, ४० की १००, कोणाची, कधी उघडली आणि कधी टाकायची हे लिहा. वरून पारदर्शक टेप गुंडाळा म्हणजे पाणी आणि स्पिरिट लागत नाही. बहुतेक इन्सुलिनं उघडल्यापासून २८ दिवस चालतात. ४० च्या बाटलीत ४०० युनिट असतात. रोज १० लागत असतील तर अठ्ठाविसाव्या दिवशी १२० युनिट उरतात. जीवावर येतं, पण ते टाकायचं.

दोन माणसांचे दोन डबे, वेगवेगळ्या कप्प्यांत. नजर अधू असेल तर जलद बाटलीला रबरबँड बांधा, बोटांना कळतो. बर्फाच्या कप्प्याला चिकटून ठेवू नका, गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी निकामीच. फ्रीज नसलेल्या घरी ओल्या मडक्यात ठेवतात. विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या उन्हाळ्यात मडकं चांगलं गार राहतं, कोकणातल्या दमट हवेत तेवढं नाही. तिथेही बाटली आधी झाकणाच्या कोरड्या डब्यात घालायची, मग मडक्यात, म्हणजे लेबल भिजत नाही.

आणि त्या दोन कोऱ्या बाटल्या? त्या आजच फ्रीजमधून बाहेर काढा. पिशवीत घालून तोंड बांधा, वर ठळक अक्षरांत ‘वापरू नये’ लिहा. जवळचं रुग्णालय किंवा मेडिकलवाले घेतात का ते विचारा. मुदत संपलेली औषधं आणि वापरलेल्या सुया हा घरातला घातक कचरा आहे, म्हणून ओल्या-सुक्या कचऱ्यात न मिसळता वेगळ्या द्या. सुया जाड प्लॅस्टिकच्या, फिरकीच्या झाकणाच्या डब्यात टाका आणि डबा पाऊण भरला की झाकण घट्ट लावा.