सवड आणि सावड

(लातूरमध्ये संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांसमोर डिसेंबरमध्ये दिलेलं व्याख्यान. बोलण्याचा बाज ठेवून थोडं संपादन केलं आहे.)

मित्रांनो, तुमच्यातले किती जण शेतकऱ्याच्या घरचे? बरेच हात वर दिसतायत. मग सावड म्हणजे काय ते मी सांगायला नको. आज तुझ्या रानात मी, उद्या माझ्या रानात तू. इर्जिक वेगळी. तिच्यात गावातली माणसं, बैल एका दिवशी एकाच्या रानात जमायचे, काम उरकायचे आणि त्याने सगळ्यांना जेवू घालायचं.

आम्ही चौघांनी स्वयंसेवकांना जवळपासचं काम जुळवून देणारं वेब अ‍ॅप करायला घेतलं, तेव्हा यातलं काहीच डोक्यात नव्हतं. डोक्यात होती टॅक्सी. जवळची गाडी शोधतात तसा जवळचा माणूस शोधायचा! डेटाबेसमध्ये दोनच टेबलं, संस्था आणि स्वयंसेवक. एका वृद्धाश्रमाने लिहिलं, ‘मदत हवी आहे’. तिसाच्या वर लोकांनी ‘मी येतो’ दाबलं. आलं कोणीच नाही. मदत म्हणजे दर मंगळवारी दुपारी दोन तास बसून आठवड्याच्या गोळ्या डब्यांच्या खणांत भरायच्या, हे कुठे लिहिलेलंच नव्हतं. लोकांना सवड होती, पण कशासाठी काढायची ते कळत नव्हतं.

मग तिसरं टेबल केलं. त्याला ‘पाळी’ नाव दिलं, तर आमच्यातल्याच मैत्रिणीने डोळे वटारले. म्हणून ‘खेप’. काम काय, कुठे, किती वाजल्यापासून कितीपर्यंत, माणसं किती. संस्थेला आता ‘मदत’ मागताच येत नाही, खेप मागावी लागते. आमचं निम्मं काम तिथेच झालं असं मी मानतो. शेवटच्या एका जागेवर दोघांनी एकाच वेळी बोट ठेवलं तर काय, हे तुमच्या पुस्तकात आहे. ट्रान्झॅक्शन करा, ओळ लॉक करा, म्हणजे एकाची नोंद होईपर्यंत दुसरा थांबतो. त्यात वेळ घालवत नाही.

अंतराचं मात्र पुस्तकात सापडत नाही. अक्षांश-रेखांशावरून हॅव्हरसाइन सूत्राने काढलेलं अंतर सरळ रेषेतलं असतं. गोदाकाठच्या एका मुलीला अ‍ॅपने तीन किलोमीटरवरची शाळा दाखवली. तिने फोन केला, “दादा, गंगेतून पोहत जाऊ का?” शाळा पलीकडच्या काठाला आणि पूल कुठल्या कुठे. मग रस्त्याचं अंतर घेतलं, तेही पुरेना. मुक्कामी एसटी सकाळी निघते ती संध्याकाळीच परतते, म्हणजे त्या गावच्या माणसाला ‘दुपारी फक्त एक तास’ हा अख्खा दिवस पडतो. शेवटी ‘किती लांब याल?’ हा प्रश्न काढला आणि ‘घरी किती वाजता पोचायला हवं?’ हा ठेवला. गावांच्या नावांचाही असाच घोळ. कोणी उस्मानाबाद टाकतं, कोणी धाराशिव. वडगाव आणि पिंपळगाव तर तालुक्या-तालुक्यात. त्यासाठी नाव सोडलं आणि सरकारच्या लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरीतला गावाचा कोड धरला.

आता लेखनिकांचं सांगतो. दहावीला बसणाऱ्या अंध मुलांना पेपर लिहून द्यायला माणूस लागतो. आमच्याकडे नाव नोंदवलेले सगळे तुमच्यासारखे, इंजिनिअरिंगचे. आम्ही खूश. पण बोर्डाच्या परीक्षेत लेखनिक परीक्षार्थीपेक्षा खालच्या इयत्तेतला लागतो. म्हणजे नववीचा किंवा त्याखालचा, आणि आमचे सगळे स्वयंसेवक एका झटक्यात बाद. खेपेत ‘अट’ नावाचा रकाना तेव्हा आला.

वेळेत तर आणखी फसलो. सराव परीक्षेचा पेपर तीन तासांचा, म्हणून खेप ११ ते २ अशी टाकली. अशा परीक्षार्थींना तासाला निदान २० मिनिटं वाढीव द्यावीत असं केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांत आहे, म्हणजे तीन तासांचे चार होतात. आम्हाला पत्ता नाही. दोन वाजले, लेखनिक पोरगा उठला, कारण सव्वादोनची गाडी. निबंध अर्ध्यावर. “बस रे, मी सोडतो तुला,” म्हणत एका सरांनी त्याला थांबवलं आणि तीन वाजता मोटारसायकलवर घालून गावी नेलं. चूक त्या पोराची नव्हती, आमच्या रकान्याची होती.

आणि नववीतला पोरगा म्हणजे १८ च्या आतला. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात अशा मुलांची माहिती घेण्यासाठी पालकांच्या पडताळता येईल अशा संमतीची तरतूद आहे. आम्ही पालकांच्या मोबाइलवर ओटीपी पाठवला. बीडकडच्या एका मुलाचे आई-वडील दिवाळीनंतरच ऊसतोडीला गेलेले, पोरगा आजीजवळ. ओटीपी गेला कोल्हापूरकडच्या उसाच्या फडात. फोन कोपीवर, म्हणजे राहायच्या झोपडीत, बाप फडात, आणि ओटीपीची मुदत दहा मिनिटं. ती आम्ही २४ तासांची केली, शिवाय संध्याकाळी फोन करून बोलायचंही ठरवलं. सुरक्षेचं शास्त्र जाणणारे यावर नाक मुरडतील. मुरडू देत.

तुमच्यापैकी एनएसएसचे, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेचे, किती? वर्षाचे १२० तास भरायचे असतात. तास भरायला म्हणून आलात तरी आमची हरकत नाही, फक्त तास दोन्हीकडून नोंदवले गेले पाहिजेत. मध्यंतरी आम्ही गुण, पदकं, पहिला क्रमांक असलं सगळं लावलं होतं. महिन्याभरात लोक सोप्या खेपा लाटायला लागले आणि गोळ्यांचे डबे पुन्हा रिकामे. काढून टाकलं. सावडीतही हिशेब असतोच, पण तो चावडीवर लावत नाहीत.

हे मागे पडद्यावर दिसतंय ते आजचं पान. सगळ्यात वरच्या दोन खेपा लाल आहेत. दहावीचे दोन परीक्षार्थी, दोघांनाही अजून लेखनिक नाही. शाळेमार्फत बोर्डाची मंजुरी आधी घ्यावी लागते, त्यामुळे हातात दिवस थोडे आहेत. तुम्ही स्वतः चालत नाही, ते कळलंच असेल. पण आठवी-नववीतलं, अक्षर बरं असलेलं धाकटं भावंड कोणाला आहे? हात जरा वरच ठेवा, मला मागचे दिसत नाहीत.