पोत्यातलं मांजर आणि तारखेचा प्रश्न

(दृश्य: कौलारू घर. पागोळ्या. ओटीवर अंग चोरून बसलेलं मांजर.)

आपल्याकडे पाऊस मुसळधार पडतो. धार मुसळाएवढी जाड, एवढंच म्हणायचं असतं. आभाळातून मुसळं खरंच कुठे पडली होती, असं आजवर कुणी विचारलेलं नाही. इंग्रजीत मात्र त्याच पावसात मांजरं आणि कुत्री पडतात, 'रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज', आणि ती पडली कुठून याचा शोध काही थांबत नाही.

सगळ्यात जास्त पसरलेलं उत्तर 1999 मध्ये एका ई-मेलमधून जगभर फिरलं. सोळाव्या शतकातलं इंग्लंड, गवताने शाकारलेली घरं. ऊब मिळावी म्हणून कुत्री-मांजरं त्या छपरावर झोपायची. जोराचा पाऊस आला की गवत निसरडं व्हायचं आणि ती घसरून खाली पडायची. गोष्ट छान आहे. फक्त ती रचणाऱ्याने पावसात मांजर कुठे जातं हे पाहिलेलं नसावं. पाऊस सुरू झाला की मांजर छपरावर जात नाही, चुलीपाशी येतं. आणि कुत्रं छपरावर चढलं कसं, हे तर त्या ई-मेलने सांगितलंच नाही.

अशा गोष्टी तपासायला आपल्याकडे एक साधं हत्यार आहे: तारीख. शब्दप्रयोग लेखी कधी दिसतो, आणि त्याची जन्मकथा कधी दिसते?

(दृश्य: जुन्या छापील पानाचा जवळून घेतलेला शॉट.)

1651. हेन्री वॉन या वेल्सच्या कवीचा संग्रह. कुणीतरी उसना दिलेल्या एका अंगरख्यावर त्यात थट्टेची कविता आहे. अंगरखा इतका जाडजूड, की फेरीवाल्यांनी त्याचं छप्पर करावं. मग कुत्री-मांजरं पावसासारखी पडली तरी माल सुखरूप. दोन वर्षांनी, 1653 मध्ये, रिचर्ड ब्रोम याचं एक नाटक छापलं गेलं. त्यात कुत्र्यांबरोबर पडतात ते पोलकॅट, म्हणजे मुंगसाच्या तोंडवळ्याचे उग्र वासाचे प्राणी. म्हणजे कोण पडणार हे तेव्हा पक्कं ठरलेलंच नव्हतं.

पुढे 1710 मध्ये जोनाथन स्विफ्टने लंडनच्या पावसावर कविता लिहिली. खाटकांच्या दुकानांतली घाण, शेण, बुडालेली कुत्र्याची पिल्लं, मेलेली मांजरं, सलगमचा पाला, सगळं गटारांच्या लोंढ्यातून वाहत येतं. पहिल्या मोठ्या पावसानंतरचा नाला पाहिलेल्या माणसाला या ओळी समजावून सांगायला नकोत. म्हणून काहींनी ठरवलं की शब्दप्रयोग इथूनच आला. पण तारीख बघा: स्विफ्टच्या जवळजवळ साठ वर्षं आधी वॉन लिहून गेलाय. 1738 मध्ये स्विफ्टने उच्चभ्रूंच्या गुळगुळीत संभाषणांची टर उडवली, त्यात मात्र हा प्रयोग आज म्हणतात त्याच रूपात येतो. तोवर तो वापरून वापरून झिजला होता, म्हणूनच तर थट्टेला चालला.

मग मांजरंच का? माझं मत विचाराल तर कारण मुसळाइतकंच साधं असावं. खूप पाऊस म्हणजे काहीतरी जड, आडदांड, अशक्य पडतंय. फ्रेंच पाऊस दोरखंडांचा असतो. वॉनच्या वेल्समध्ये, वेल्श भाषेत, म्हाताऱ्या बायका आणि काठ्या पडतात. त्या म्हाताऱ्या कुठल्या छपरावर झोपायच्या, असा ई-मेल अजून माझ्याकडे आलेला नाही.

(दृश्य: बंदर, शिडाचं जहाज, दोरखंडाचं वेटोळं.)

दुसरी आवडती कथा जहाजावरची. खोली अगदी अरुंद असली की इंग्रज म्हणतो, इथे मांजर फिरवायलाही जागा नाही. कथा सांगते की हे मांजर म्हणजे चाबूक. नऊ पदरांचा, खलाशांच्या पाठी फोडणारा, 'कॅट ओ नाइन टेल्स'. डेकखाली छत इतकं बुटकं की चाबूक उगारता येत नसे. ऐकायला पटतं. पण जागेचा शब्दप्रयोग 1665 सालच्या, प्लेगवरच्या एका पुस्तकात सापडतो, आणि लेखक तिथेच म्हणतो की ही लोकांच्या तोंडची म्हण आहे. चाबकाचं हे नाव लेखी दिसतं 1695 मध्ये. तीस वर्षांनी जन्मलेल्या मुलाला बाप कसं म्हणायचं? बोलण्यात तो शब्द आधीपासून असू शकतो, ही पळवाट आहे. पण तिच्यासाठी पुरावा नाही.

खरं मांजर फिरवणं इतकं अशक्य होतं का? त्या काळचे लोक मांजरांशी फार मायेने वागत नसत. शेक्सपिअरच्या 'मच अडू अबाउट नथिंग' या नाटकात बेनेडिक थट्टेत म्हणतो, मला मांजरासारखं भांड्यात घालून टांगा आणि नेम धरा. प्रेक्षक हसले असतील. त्यांना टांगलेलं मांजर ठाऊक होतं.

आणि याच नाटकात, 1600 मध्ये छापलेल्या, आणखी एक मांजर मरतं. तेही आज सगळ्यांना माहीत असलेल्या कारणाने नव्हे.

(दृश्य: लाकडी रंगमंच, रिकामा.)

'क्युरिऑसिटी किल्ड द कॅट'. नको तिथे नाक खुपसलं की जीव जातो, असा दम मुलांना देताना ही म्हण वापरतात. पण शेक्सपिअरच्या मांजराला कुतूहलाने मारलेलं नाही. मारेकरी आहे 'केअर', आणि तेव्हाच्या इंग्रजीत केअर म्हणजे चिंता, मनाला लागलेला घोर. क्लॉडिओ मित्राला धीर देतो: चिंतेने मांजर मेलं असेल, पण तुझ्यात चिंतेलाच मारायची धमक आहे. बेन जॉन्सनच्या 1598 च्या नाटकातही हेच: दुःखाला फाशी द्या, चिंता मांजरालाही मारते. त्या नाटकात काम करणाऱ्या नटांच्या यादीत एक नाव विल्यम शेक्सपिअर असं आहे. म्हणजे वाक्य त्याच्या कानावर पडलेलं होतं.

म्हणीचा जोर आता कळतो. मांजराला नऊ जन्म असतात हे इंग्रजांनी आधीच ठरवलं होतं. 'रोमिओ अँड ज्युलिएट'मध्ये मर्क्युशिओ टिबॉल्टकडे त्याच्या नऊपैकी एकच जीव मागतो. अशा चिवट प्राण्यालाही जी पोखरून मारते, ती चिंता. चिता आणि चिंता यांत एका टिंबाचा फरक, असं आपल्याकडची आजी सांगते, तेच हे.

कुतूहलाचा आरोप फार उशिरा आला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तो छापील दिसू लागतो. 1873 च्या एका म्हणींच्या संग्रहात तो आयरिश म्हण म्हणून नोंदलाय. अडीचशेहून अधिक वर्षं मांजर एका गुन्हेगाराच्या हातून मरत होतं आणि मग आरोपी बदलला. गंमत अशी, की क्युरिऑसिटी या शब्दाच्या मुळाशी लॅटिन 'कुरा' आहे, आणि कुरा म्हणजे काळजी. इंग्रजी 'केअर' मात्र कानाला कितीही जवळचा वाटला तरी त्या घरचा नाही. तो जर्मानिक घराण्यातला.

चेशायरच्या हसऱ्या मांजराचं दोन वाक्यांत उरकतो. हे मांजर जिच्यात आहे ती लुईस कॅरलची 'ॲलिस इन वंडरलँड' 1865 ची, पण दात-हिरड्या दाखवत हसणाऱ्याला चेशायरचं मांजर म्हणतात हे फ्रान्सिस ग्रोसच्या बोलभाषेच्या कोशात 1788 मध्येच आहे. लुईस कॅरल जन्मला चेशायरमध्ये, त्यामुळे त्याने मांजर गावातूनच आणलं असं म्हणायला हरकत नाही.

(दृश्य: आठवडी बाजार. तोंड बांधलेलं पोतं.)

'लेट द कॅट आउट ऑफ द बॅग'. आपण म्हणतो बिंग फुटलं. इंग्रजाचं पोत्यातलं मांजर बाहेर पडतं. हा प्रयोग 1760 मध्ये 'लंडन मॅगझिन'मधल्या एका पुस्तक परीक्षणात सापडतो. लेखकाने मांजर पोत्याबाहेर काढलं नसतं तर बरं झालं असतं, अशी परीक्षकाची कुरकूर आहे. कथा अशी, की बाजारात डुकराचं पिल्लू म्हणून पोत्यात मांजर बांधून विकत. पोतं सोडलं की लबाडी उघडी. यात तथ्य असू शकतं, कारण जर्मन, डच आणि फ्रेंच तिन्ही भाषांत न बघता माल घेणाऱ्याने 'पोत्यातलं मांजर' विकत घेतलेलं असतं. आपल्याकडे त्याची पाण्यात म्हैस आणि बाहेर मोल. पण डुक्कर आणि मांजर यांतला फरक पोत्याबाहेरून हात लावूनही कळतो, ओरडण्यावरून तर नक्कीच. फसणारा गिऱ्हाईक बहिरा असावा लागेल.

(दृश्य: स्कॉटलंड. नदीवरचा पूल, धुकं.)

आता माझं लाडकं मांजर. गळ्यात घंटा बांधायचं ते. उंदरांच्या सभेची ही गोष्ट तेराव्या शतकात इंग्लंडमधल्या ओडो ऑफ चेरिटन या पाद्र्याने लॅटिनमध्ये लिहिली. घंटा कुणी बांधायची हा प्रश्न तर आपल्याही तोंडात बसलाय. स्कॉटलंडमध्ये मात्र हा प्रश्न खरोखर विचारला गेला, असं सांगतात.

1482. राजा तिसरा जेम्स इंग्रजांवर चालून निघालाय आणि सरदार त्याच्या मर्जीतल्या माणसांवर जळताहेत, त्यातही रॉबर्ट कॉक्रनवर. लॉडरच्या चर्चमध्ये खलबत होतं. लॉर्ड ग्रे उंदरांची गोष्ट सांगतो आणि विचारतो, घंटा कोण बांधणार? अँगसचा अर्ल आर्चिबाल्ड डग्लस उठतो: मी बांधतो. राजाला ताब्यात घेतात, कॉक्रनला लॉडरच्या पुलावरून फाशी देतात, आणि अर्लचं नाव पडतं 'बेल द कॅट'.

कितीदा सांगितली तरी ही गोष्ट मला जुनी होत नाही. पण सगळ्यांना लावली ती फूटपट्टी इथेही लावायलाच हवी. फाशी खरी, पूल खरा, 1482 खरं. चर्चमधला तो संवाद मात्र सापडतो डेव्हिड ह्यूम ऑफ गॉड्सक्रॉफ्ट याच्या डग्लस घराण्याच्या इतिहासात, आणि तो छापला गेला 1644 मध्ये. हा ह्यूम कोण? डग्लस घराण्याच्याच, पुढच्या एका अर्लचा चिटणीस.

बखरी वाचलेल्या माणसाला यापुढे काही सांगायला नको.